एक कपाळ, दोन दिवे

डोक्याला बांधायची बॅटरी कपाळाच्या मधोमध एका इलॅस्टिकच्या पट्ट्यावर बसते, आणि एका डोक्याला एक पुरते असे ती बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते. हे गृहीतक न पटलेले लोक पुष्कळ आहेत. गुहा धुंडाळणारे, रात्री गड चढणारे, पहाटे अंधारात पळणारे, ऐन रात्री उसाला पाणी देणारे आणि फ्यूज उडाला की स्टूल घेऊन मीटरखाली उभे राहणारे, अशा सर्वांना कधी ना कधी त्याच पट्ट्यावर दुसरा दिवा चढवायची बुद्धी होते. कृती वरवर सोपी आहे: पट्टा सोडवायचा, दुसरा दिवा ओवायचा, पट्टा पुन्हा बांधायचा. प्रत्यक्षात तिच्यात प्रकाशशास्त्र, शिवणकाम, कपाळाची गोलाई आणि करणाऱ्याचा स्वभाव असे चार विषय येतात. त्यांतला प्रकाशशास्त्र हा सर्वांत सोपा.

या उद्योगाची वंशावळ मोठी आहे. स्पॅनिश चित्रकार फ्रान्सिस्को गोया याने १७९० ते १७९५ च्या दरम्यान स्वतःचे एक लहानसे चित्र रंगवले. ते माद्रिदच्या सान फेर्नान्दो अकादमीत आहे. चित्रात तो मोठ्या खिडकीपुढे कुंचला घेऊन उभा आहे आणि त्याच्या टोपीच्या काठाला मेणबत्त्या खोचण्यासाठी धातूची टोके बसवलेली आहेत. चित्रावरचा शेवटचा हात तो रात्री, दिव्याच्या उजेडात फिरवत असे, असे त्याच्या मुलाने सांगून ठेवले आहे. म्हणजे दोन दिव्यांवर न थांबता गोया थेट टोपीभर गेला. टोपीवरून मेण गळत कुठे जात असेल, हा प्रश्न चित्र पाहणाऱ्याला पडतो. चित्रातल्या गोयाला तो पडलेला दिसत नाही.

खाणकामगारांनी मात्र विषय गांभीर्याने घेतला. हम्फ्री डेव्हीचा १८१५ चा सुरक्षा दिवा हातात धरावा लागे, म्हणजे दोनांपैकी एक हात कामातून गेला. पुढे एडिसनने १९१४ च्या सुमारास सेलची पेटी कमरेला, दिवा टोपीला आणि मधे पाठीवरून वायर अशी विजेची व्यवस्था केली. चंद्रपूर-वणीकडच्या भूमिगत कोळसा खाणींत उतरणारा कामगार पाळीच्या सुरुवातीला लॅम्प रूममधून जो कॅप लॅम्प उचलत आला आहे, तो याच घराण्यातला. या दिव्यांच्या तोंडात मुख्य बल्बाबरोबर एक छोटा बल्ब किंवा एकाच बल्बात दुसरी तार असण्याची पद्धत जुनी आहे. मुख्य उजेड गेला तरी बाहेर पडण्यापुरता दुसरा हवा. इथे जिवाचाच प्रश्न होता, पण त्यांनी पट्ट्याला दोन दिवे लटकवले नाहीत, एका दिव्याच्या पोटातच दुसरा घातला. पेट्झल या फ्रेंच कंपनीचा गुहावाल्यांमध्ये गाजलेला ‘ड्युओ’ दिवा याच तत्त्वावर बेतलेला आहे: एक उजेड जवळचा, एक लांबचा, खोके एकच. हे माहीत असूनही हौशी माणूस सुई-दोरा घेऊन बसतो, कारण असल्या दिव्याची किंमत विचारली की घरात आधीच पडलेल्या दोन स्वस्त बॅटऱ्या त्याला आठवतात.

दुसऱ्या दिव्याचे कारण विचारले की पहिले उत्तर ठरलेले असते: दोन दिवे, दुप्पट उजेड. हे खरे आहे आणि निरुपयोगी आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विरत जातो. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या ‘एफएल-१’ मानकात झोताचे अंतर मोजतात ते उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका क्षीण होतो तिथपर्यंत. या हिशेबाने २०० मीटर जाणाऱ्या झोतावर अगदी तसाच दुसरा झोत चढवला, तर पल्ला ४०० मीटर होत नाही, २८३ मीटर होतो. डोळ्याचा हिशेब याहूनही चिक्कू: उजेड दुप्पट झाला की डोळ्याला तो जेमतेम सव्वापट वाटतो. खर्च, वजन आणि सेल मात्र प्रामाणिकपणे दुप्पट होतात.

याच मानकातली आणखी एक गोष्ट खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही. दिवा किती तास चालतो याचा आकडा मोजतात तो उजेड मूळच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. खोक्यावर चाळीस तास छापलेले असले, तर त्यांतल्या शेवटच्या काही तासांत दिवा चालू आहे की बंद, हे पाहायला दुसरा दिवा लागतो. दोन दिवे बाळगण्याचे हे एक कारण प्रामाणिक म्हणावे लागेल.

खरे कारण वेगळे आहे: दोन दिवे एकच काम करत नाहीत. जुन्नर-आंबेगावकडे शेतीची वीज रात्रपाळीची असते तेव्हा मोटर रात्री चालू होते आणि शेतकरी उसाला पाणी द्यायला, म्हणजे दारं धरायला जातो. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात काठी, म्हणून बॅटरी डोक्याला. त्याला दोन गोष्टी एकाच वेळी पाहायच्या असतात. पहिली पायाशी: सरीचे तोंड, भिजून सरकणारा बांध, आणि पाचटात वेटोळे घालून पडलेली घोणस. यासाठी पसरट, मंद, पिवळसर उजेड बरा. तो पायापुढच्या चार पावलांवर सारखा पडतो आणि डोळे दिपवत नाही. दुसरी गोष्ट लांबची: पाणी सरीच्या टोकाला पोहोचले का. ऊस गुडघ्याएवढा असताना अरुंद, पांढरा झोत सरीतून सरळ सोडला की टोकाशी पाणी चमकते, आणि तेवढ्या चमकीवर खोऱ्याचे पुढचे दोन घाव ठरतात. पसरट दिव्याने हे दिसत नाही आणि झोताच्या दिव्याने घोणस दिसत नाही. एकाच दिव्याचे बटण दाबत राहिले तर दोन्ही दिसते, पण कधीच एका वेळी नाही. आणि घोणस बटणाची वाट पाहत नाही.

लांबचा झोत आणखी एका कामाचा असतो. बिबट्या, कुत्रा, गाय, शेळी यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. तो उजेड आला तसा परत पाठवतो. दिवा पाहणाऱ्याच्या डोळ्यांजवळ असेल तरच ही परत आलेली चमक त्याच्या डोळ्यांत शिरते. म्हणून हातातल्या बॅटरीपेक्षा कपाळावरची बॅटरी या बाबतीत सरस. बांधाच्या टोकाला दोन डोळे चमकले की ते बिबट्याचे की शेजारच्या कुत्र्याचे, हे ठरवण्याची सोय मात्र कोणत्याच दिव्यात नाही. शिवाय डुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. म्हणजे अंधारात अचानक अंगावर येण्याची ज्याची ख्याती सर्वांत मोठी, ते रानडुक्कर चमकून पूर्वसूचना देत नाही, मग कपाळावर दिवे कितीही असोत.

कारण ठरले की जागेचा प्रश्न येतो. शेजारी-शेजारी ही मांडणी कुणालाही प्रथम सुचते, कारण गाडीला दोन हेडलाइट असतात हे सर्वांनी पाहिलेले असते. पण गाडीचे तोंड बऱ्यापैकी सपाट असते. ५७ सेंटिमीटर घेराचे डोके नीट गोल धरले आणि प्रत्येक दिवा कपाळाच्या मध्यापासून चार सेंटिमीटर बाजूला बसवला, तर तो २५ अंशांनी बाहेर वळतो. दहा मीटरवर एक झोत वाटेच्या डावीकडे साडेचार मीटर लांब पडलेला असतो, दुसरा तेवढाच उजवीकडे. सह्याद्रीतल्या आडव्या वाटेवर याचा अर्थ असा की एक दिवा दरीची पाहणी करतो, दुसरा कारवीची, आणि पाऊलवाट होती तशी अंधारात राहते. यावर उपाय म्हणून प्रत्येक दिव्यामागे जुन्या स्लीपरचा तुकडा पाचरीसारखा खुपसतात. झोत सरळ होतात. घाम आला की स्लीपर सरकते आणि झोत पुन्हा आपापल्या मूळ आवडीकडे वळतात.

दुसरी जागा एकावर एक. तत्त्वतः हीच बरोबर: वर लांबचा दिवा, खाली जवळचा, दोघेही मध्यरेषेवर. अडचण इतकीच की साधा दिवा खाली झुकवण्यासाठी बिजागरीवर पुढे कलतो, आणि वरचा कलला की खालच्याच्या डोक्यावर बसतो. खालच्याचे बटण बहुधा नेमके तिथेच असते. तीन छोटे सेल घातलेली साधी बॅटरी ८०-९० ग्रॅमच्या आसपास भरते. अशा दोन एकावर एक ठेवल्या की पट्टा कपाळावर उभा राहत नाही, पुढे मान टाकतो, आणि पळणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला दोन्ही दिवे होकार देत राहतात. मग डोक्यावरून मागे जाणारा आणखी एक पट्टा लावावा लागतो. बऱ्याच जणांचा उत्साह या दुसऱ्या पट्ट्यापाशी संपतो.

तिसरी जागा एक पुढे, एक मागे. वजन तोलले जाते, कपाळ मोकळे राहते आणि मागचा दिवा लाल ठेवला तर रांगेतल्या मागच्या माणसाला वाट कळते. तो पांढरा ठेवला तर मागचा माणूस आधी सौम्यपणे आणि मग नावानिशी बोलतो. पाठीवर सॅक असेल तर मान वर करताच सॅकचे झाकण मागच्या दिव्याचे बटण दाबते, हा या मांडणीचा स्थायी दोष आहे.

जागा ठरली, आता बांधणी. पट्टा दिव्याच्या मागच्या प्लेटच्या दोन खाचांतून गेलेला असतो आणि त्याचे टोक बकलभोवती दुमडून चौकोनी, मधे फुली असलेल्या टाक्यांनी पक्के केलेले असते. दुसरा दिवा ओवायचा तर हे टाके ब्लेडने उसवावे लागतात. उसवणे दोन मिनिटांत होते. परत शिवताना कळते की इलॅस्टिक ताणते आणि सरळ टाका ताणत नाही. पट्टा डोक्यावर चढवताच दोरा पटापट तुटतो. नागमोडी टाका हवा, म्हणजे टेलरकडे जावे लागते. टेलर पट्टा हातात घेतो, उलटासुलटा पाहतो, हे कशासाठी असे विचारतो, उत्तर ऐकून घेतो आणि उद्या या म्हणतो. ट्रेक बहुधा आजच रात्री असतो.

म्हणून शिवणाला पर्याय शोधले जातात. झटपट चिकटवणारा गोंद सर्वांत वाईट: तो वाळला की कडक होतो, खाली इलॅस्टिक ताणले की खपलीसारखा निघतो, आणि वाळताना त्याची वाफ दिव्याच्या काचेवर पांढरा धूसर थर सोडून जाते. गोंदाने जोडलेला दुसरा दिवा त्यामुळे दोन्ही दिव्यांचा उजेड कमी करू शकतो. वायरमनची चिकटपट्टी पहिला तासभर उत्तम काम देते; नंतर घामाने तिचा डिंक कपाळावर उतरतो आणि पट्टी केसांशी नाते जोडते. प्लास्टिकच्या केबल टायची पकड निर्विवाद, पण उरलेले शेपूट कापले की जे टोक राहते ते भुवईच्या वर एका ठरावीक जागी रात्रभर टोचते. एमसील लावणारे थोडे निराळे. त्यांना दिवा उद्या काढायचा नसतो, कधीच काढायचा नसतो. पायजम्याची नाडी हा पर्याय टिकाऊ, स्वस्त आणि धुण्याजोगा आहे. फक्त ती बांधून चारचौघांत जाण्याची तयारी हवी.

या सर्वांत सायकलची जुनी ट्यूब निर्विवाद वरचढ. पंक्चरवाल्याकडे ती फुकट मिळते. कात्रीने तिच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापल्या की रबरी कड्या तयार होतात. कडी एका दिव्याच्या प्लेटमागून घेऊन, एक पीळ देऊन दुसऱ्यामागे अडकवायची, आणि तशीच दुसरी कडी दुसऱ्या बाजूने. रबर इलॅस्टिकबरोबर ताणते, घामाने घसरत नाही, तुटले तर खिशातली दुसरी कडी निघते, आणि दिवे पुन्हा वेगळे करता येतात. वेल्क्रोचा पट्टा याच्या जवळपास येतो, पण त्यात दाढी अडकते.

बांधणी घट्ट झाली की भार डोक्यावर येतो. दुप्पट वजन घसरू नये म्हणून पट्टा आवळावा लागतो, आणि आवळलेल्या पट्ट्याने डोके दुखते. हा प्रकार इतका पक्का आहे की डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे: बाहेरच्या दाबाने होणारी डोकेदुखी. हेल्मेट, पोहण्याचा चष्मा, घट्ट पट्टा ही तिची नेहमीची कारणे. ती दाब सुरू झाल्यापासून तासाभरात उमटते आणि दाब काढल्यावर तासाभरात जाते, अशी तिची व्याख्याच आहे. उपाय व्याख्येतच दिलेला असा आजार विरळा.

मग बटणे. हल्लीच्या दिव्याला एकच बटण असते आणि ते दाबत गेले की प्रखर, मध्यम, लाल, लुकलुक आणि बंद अशा पाच अवस्था येतात. दोन दिव्यांच्या मिळून पंचवीस. यांपैकी हवी असलेली एकच असते, आणि ती नेमकी चुकून एक दाब जास्त पडल्यामुळे निसटते. मग पूर्ण फेरी पुन्हा, वाटेत लुकलुक लागतेच. हातमोजे घालून आणि वरचा दिवा खालच्याच्या बटणावर टेकलेला असताना हे काम दोन माणसांचे होते.

सेलच्या बाबतीत सर्वांत मोठी फसगत सावध माणसाची होते. तो दोन सारखे दिवे घेतो, एकाच दुकानातून एकाच पुड्यातले सेल दोन्हींत टाकतो, दोन्ही एकदम चालू करतो आणि एक राखीव आहे अशा समाधानात चालू लागतो. दोन्ही दिवे मग जवळपास एकाच वेळी मिणमिणतात. गुहांमध्ये जाणारे निदान तीन स्वतंत्र दिवे बरोबर ठेवण्याचा नियम पाळतात, आणि त्या नियमातला महत्त्वाचा शब्द तीन हा नाही. पेटलेला दिवा राखीव नसतो. राखीव दिवा बंद असतो, त्याचे सेल वेगळ्या दिवशी घातलेले असतात आणि तो डोक्यावर असण्याची गरज नसते.

डोक्यावर नसलेलाच बरा, असे म्हणायलाही जागा आहे. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असला की जिथे उजेड पडतो तिथली सावली वस्तूच्या मागे लपते. दगड, खळगा, मूळ सगळे सपाट दिसते आणि ठेच लागते. पावसाळ्यात कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडावर ढग उतरला की हाच दोष विकोपाला जातो: धुक्याच्या थेंबांवरून उजेड सरळ डोळ्यांत परत येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. ज्या जवळिकीमुळे बिबट्याचे डोळे दिसतात, त्याच जवळिकीमुळे धुक्यात स्वतःचे बूट दिसत नाहीत. अशा वेळी दुसरा दिवा कपाळावर चढवणे म्हणजे भिंतीला चुन्याचा आणखी एक हात देणे. तोच दिवा काढून कमरेच्या पट्ट्याला लावला तर उजेड खालून, तिरका पडतो, दगडांना सावल्या फुटतात आणि वाट पुन्हा उंच-सखल होते. रात्री पळणाऱ्यांत कमरेचा दिवा म्हणूनच रुळला आहे.

तेव्हा निवाडा असा: दोन्ही दिवे एकाच जातीचे असतील तर दुसरा खिशात ठेवावा, एक पसरट आणि एक झोताचा असेल तर ते एकावर एक, ट्यूबच्या कड्यांनी बांधावेत, आणि धुके असेल तर खालचा काढून कमरेला लावावा. शेजारी-शेजारी बांधू नयेत.

राहता राहिले इतर लोक. कपाळावर दिवा असलेला माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे पाहतो, म्हणजे त्याच्या डोळ्यांत उजेड टाकतो. अंधाराला सरावलेले डोळे असे दिपले की पुन्हा पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतात. मेअखेरीस भंडारदरा-राजमाचीकडे काजवे पाहायला गेल्यावर तर दोन्ही दिवे सॅकच्या तळाशीच शोभतात. काजव्यांची लुकलुक जोडीदारासाठी असते आणि बॅटरीच्या उजेडात ती बुडते. एरवी वाटेत कुणी भेटले, पाणी मागितले, गडाचा रस्ता विचारला, तर उत्तर देण्याआधी हात कपाळाकडे न्यावा आणि दोन्ही दिवे बंद करावेत. एक बंद करून दुसरा तसाच ठेवू नये.